आत कोण बघतं?

१८९४ च्या कारागृह कायद्याचं बारावं कलम अगदी छोटं आहे. तुरुंगाच्या अधीक्षकाने कोणकोणत्या वह्या ठेवायच्या, एवढंच त्यात सांगितलंय. पहिली वही आत आलेल्या कैद्यांची. दुसरी, कोण कोणत्या तारखेला सुटणार त्याची. तिसरी, तुरुंगात असताना नियम मोडले म्हणून दिलेल्या शिक्षांची. पाचवी, कैद्यांकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची. या चारही वह्यांत तुरुंग कैद्यांबद्दल लिहितो. मधली चौथी वही मात्र वेगळी आहे. तिच्यात बाहेरून आलेल्या माणसाने तुरुंगाबद्दल लिहायचं असतं. तिला 'व्हिजिटर्स बुक' म्हणतात. हे व्हिजिटर म्हणजे मुलाकातीला आलेले नातेवाईक नव्हेत. तुरुंग बघायला, तपासायला नेमलेला माणूस, म्हणजे अभ्यागत. सरकारी दवाखान्यांना जसं 'अभ्यागत मंडळ' असतं, तसंच तुरुंगालाही असावं, अशी ही तरतूद.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इतिहासाशी माझा शाळेनंतर संबंध उरला नव्हता. पण गेली दोन वर्षं मी या चौथ्या वहीच्या मागे लागलोय. कारण सांगतो.

आमचं गाव राजुरी, तालुका जुन्नर. आळेफाट्यावरून नगरकडे निघालं की लागतं. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक जण मारामारीच्या एका केसमध्ये सापडला आणि चौदा महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. कोणत्या तुरुंगात ते लिहीत नाही. त्याची आई, म्हणजे आमच्या आळीतल्या काकी, दर पंधरा दिवसांनी मुलाकातीला जायच्या. काचेपलीकडून दिसायचं तेवढंच. एकदा मी गावी गेलो असताना म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, सांग बरं. त्याला आत कोण बघतं?" मी म्हणालो, "काकी, पोलीस असतात की." त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, ते तर राखतात. बघतं कोण?"

राखणं आणि बघणं यातला हा फरक मला तोवर कधी सुचला नव्हता.

आमच्या तालुक्यात तुरुंगांची परंपरा जुनी आहे. जुन्नरहून नाणेघाटाकडे जाताना चावंडचा किल्ला लागतो. ट्रेकिंगवाल्यांना तो कड्यातल्या पायऱ्यांमुळे ठाऊक असतो. १५९५ मध्ये निजामशाहीतला एक लहान मुलगा तिथे कैदेत होता. त्याचं नाव बहादूर. गुन्हा एवढाच, की तो सुलतानाचा मुलगा होता आणि गादीसाठी भांडणाऱ्या दरबाऱ्यांपैकी काहींना तो नको होता. पुढे चांदबिबीने अहमदनगर लढवलं ते याच मुलासाठी. तो गादीवर बसला आणि १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर मुघलांनी त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलं. एका किल्ल्यातून निघून गादीमार्गे दुसऱ्या किल्ल्यात, असं त्याचं आयुष्य. चावंडवर तो काय खात होता, आजारी पडला तर कोण येत होतं, याची नोंद कोण कशाला ठेवेल? किल्लेदार धन्याला उत्तर देणार, कैदी कोणालाच नाही. तुरुंगाची ही जगभरची रीत होती.

ती मोडायला सुरुवात केली एका इंग्रजाने. जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. हे मानाचं पद होतं, तुरुंगात जाऊन बघायची सक्ती कोणी केली नव्हती. तो गेला. तिथे त्याला निर्दोष सुटलेली माणसं आतच सापडली. कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता, तो कैद्यांकडून फी घ्यायचा, आणि फी दिल्याशिवाय दार उघडत नसे. मग हॉवर्ड तुरुंगामागून तुरुंग बघत सुटला. खोल्यांची लांबी-रुंदी, पाणी, अन्न, आजारी किती, हे सगळं टिपत गेला आणि १७७७ मध्ये त्याने ते पुस्तकरूपाने छापलं. त्यात कळवळ्याची वाक्यं कमी आणि मोजमापं जास्त. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. 'हाल आहेत' म्हटलं की अधिकारी 'नाहीत' म्हणू शकतो. खोलीचे फूट आणि इंच लिहिले, की त्याला टेप घेऊन यावं लागतं.

हिंदुस्थानात मेकॉलेच्या पुढाकाराने १८३६ मध्ये तुरुंगांसाठी समिती बसली, १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे समित्या येत राहिल्या, १८९४ चा कायदा आला, अभ्यागत नेमण्याचे नियम करायचा अधिकार सरकारला मिळाला. पण साहेबाच्या राज्यात तुरुंग बघायला जाणारा माणूस साहेबानेच निवडलेला असणार, हे उघड आहे.

मराठीत तुरुंगाचं आतलं वर्णन आलं ते अभ्यागताकडून आलंच नाही. ते कैद्याकडून आलं. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. शिक्षा चार महिन्यांची होती, सुटका १०१ दिवसांनी झाली. बाहेर आल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं. तेव्हा त्यांचं वय सव्वीसच्या आसपास होतं, म्हणजे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांएवढं. त्यानंतर महाराष्ट्रात तुरुंगातून आलेल्या लेखनाची रांगच लागली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचनं झाली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आपण या गोष्टी भक्तिभावाने सांगतो. त्यामुळे एक गोंधळ होतो, की तुरुंग म्हणजे थोर माणसांनी ग्रंथ लिहायची जागा. त्याच भिंतीआड तेव्हाही कोंबडीचोर आणि दारू गाळणारे होतेच, आणि त्यांनी काही लिहिलं नाही.

स्वातंत्र्यानंतरही आतून बाहेर काय जाऊ द्यायचं हे तुरुंगच ठरवत होता. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. विषय भौतिकशास्त्र. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली, तर सरकार नाही म्हणालं. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धांना काय काय करता येईल याची यादी नियमांत आहे आणि पुस्तक छापायला पाठवणं त्या यादीत नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. माणसाचं स्वातंत्र्य नियमाने जेवढं काढून घेतलंय तेवढंच गेलं, बाकीचं त्याच्याजवळच राहतं, असा त्या निकालाचा अर्थ. अणूवरच्या पुस्तकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तर मारहाणीबद्दलची चिठ्ठी बाहेर कशी येणार?

आली. दिल्लीच्या तिहार तुरुंगातून आली. सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, स्वतःबद्दल नाही, दुसऱ्या एका कैद्याबद्दल. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने त्याचा भयंकर छळ केला, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. पुढे जे केलं ते माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. तुरुंगाकडून नुसता खुलासा न मागवता न्यायालयाने स्वतःची माणसं आत पाठवली. ज्येष्ठ वकील डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुदगल यांना न्यायमित्र नेमलं, त्यांनी तुरुंगात जाऊन कैद्याला पाहिलं, साक्षीदारांशी बोलून अहवाल दिला. जखमेची निरनिराळी स्पष्टीकरणं पुढे करण्यात आली होती. ती त्या अहवालापुढे टिकली नाहीत.

डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी बऱ्याच सूचना दिल्या. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी तुरुंगाला भेट द्यावी, कैद्यांना गाऱ्हाणी मांडायची खरी संधी द्यावी, नेमलेल्या वकिलांना आत जाऊ द्यावं. आणि एक सूचना तक्रारपेटीची. ही पेटी तुरुंगात राहील, पण तिचा ताबा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या हुकमाखाली असेल. म्हणजे कुलूप आत, किल्ली बाहेर. एवढी साधी रचना, पण सगळं सार तिच्यात आहे. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात: सर्व्हर चालू आहे की नाही हे बघणारा प्रोग्राम त्याच सर्व्हरवर ठेवायचा नाही. सर्व्हर मेला की राखणदारही मरतो आणि अलार्म वाजतच नाही.

आता मुंबई. हा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण तो आपल्याकडे घडला आणि फारसा कोणाला आठवत नाही.

शीला बर्से या पत्रकार. मे १९८२ मध्ये तुरुंग महानिरीक्षकांकडून त्यांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या महिला कैद्यांच्या मुलाखती घ्यायची परवानगी मिळवली. मुंबई मध्यवर्ती तुरुंगात त्यांनी मुलाखती टेपवर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सांगण्यात आलं, टेप नको, हाताने टिपणं घ्या. त्यांनी हरकत घेतली. मग उत्तर आलं, की अशा मुलाखतींना परवानगी देणं हा अधिकाऱ्यांच्या मर्जीचा भाग आहे आणि सहसा ती पीएचडी करणाऱ्या संशोधकांनाच मिळते. गंमत बघा. संशोधकाचा प्रबंध कपाटात जातो, पत्रकाराचा मजकूर सकाळी दारात पडतो. कोणाला आत सोडायचं, हे बरोबर उलट ठरवलेलं.

तोवर त्या पंधरा महिला कैद्यांशी बोलल्या होत्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने पुन्हा तोच मार्ग घेतला: मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन बायकांशी बोलायला सांगितलं. त्यांच्या अहवालातून मारहाणीखेरीज आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती म्हणजे वकील नसल्याने होणारे हाल, आणि एका वकिलाने परदेशी कैदी बायकांना कसं लुबाडलं होतं ते.

१५ फेब्रुवारी १९८३ चा निकाल बहुतेक वेळा महिलांच्या कोठडीबद्दलचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा, अटकेतल्या माणसाचे हक्क इंग्रजी, हिंदी आणि मराठीत लिहून प्रत्येक कोठडीत लावायचे, शहर सत्र न्यायाधीशांनी न कळवता भेटी द्यायच्या. पण त्यात पुरुष कैद्यांना लागू होणारा एक भाग होता. महाराष्ट्रातल्या सगळ्या तुरुंगाधीक्षकांनी कच्च्या कैद्यांची यादी जिल्ह्याच्या कायदेविषयक मदत समितीला पाठवायची, पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी, प्रत्येकापुढे आत आल्याची तारीख. समितीने नेमलेल्या वकिलांना आत येऊन भेटू द्यायचं. वकील कधी येणार याची सूचना फलकावर लावायची.

मी ही यादी वाचली तेव्हा मला तिचं वळण ओळखीचं वाटलं. नाव, दाखल तारीख, लिंग. हा डेटाबेसचा तक्ता आहे. 'दाखल तारीख' या एका रकान्यावर क्रम लावला, की विसरलेली माणसं आपोआप वर येतात. कोणी चांगला असण्याची, कोणाला दया येण्याची गरज नाही. यादी फक्त नियमित बाहेर जायला हवी.

टेपरेकॉर्डरचा वाद मात्र लांबला. त्यावर १९८७ मध्ये निर्णय आला. न्यायालयाने मान्य केलं, की तुरुंगात काय चाललंय हे समाजाला कळायला हवं आणि पत्रकारांना मुलाखती मिळायला हव्यात. पण ते नियंत्रणाखाली. टेप करण्यावर तुरुंग बंधनं घालू शकतो, आणि बर्से यांनी हवं तर नव्याने अर्ज करावा. माझं मत विचाराल तर इथे न्यायालय कचरलं. चार वर्षांपूर्वी ज्या माहितीवर त्यांनी एवढा मोठा निकाल दिला, ती माहिती आणणाऱ्या बाईला पुन्हा त्याच खिडकीशी रांगेत उभं केलं.

यानंतर संस्था आल्या. १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातून सुरू झाला. समाजकार्यकर्ते नियमाने आत जाऊ लागले. तपासणी हे त्यांचं काम नाही, पण आत रोज बाहेरचं माणूस असलं की बऱ्याच गोष्टी आपोआप बदलतात. १९९३ मध्ये मानवी हक्क संरक्षण कायदा झाला. त्यात आयोगाला तुरुंगांना भेट द्यायचा अधिकार मिळाला, पण 'राज्य सरकारला कळवून'. पाहुणे येताना फोन करून या, तसं! ही अट निघायला २००६ ची दुरुस्ती यावी लागली. तेरा वर्षं.

फोन करून येण्याने काय होतं ते आमच्या गावच्या मित्राने सांगितलं. चौदा महिन्यांत त्याच्या बराकीत बाहेरचे लोक दोनदा आले. आदल्या दिवशी संडास धुतले गेले, जेवणातली डाळ घट्ट झाली. डाळ घट्ट झाली की जुने कैदी म्हणायचे, उद्या कोणीतरी येतंय. आलेले लोक कोण, हे कोणी सांगितलं नाही. त्यांच्या मागे तुरुंगाचे साहेब उभे. विचारलं, "काही तक्रार?" चाळीस जणांनी एका सुरात सांगितलं, "नाही साहेब." मी विचारलं, "तू का नाही बोललास?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, की पुढे काही विचारायची मला लाज वाटली.

म्हणून २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'तले तपशील मला महत्त्वाचे वाटतात. त्यात खात्याची अंतर्गत तपासणी आणि खात्याबाहेरच्या स्वतंत्र संस्थेची तपासणी अशा दोन्ही हव्यात, असं म्हटलंय. कोणत्या तुरुंगात जायचं, कोणत्या कैद्याशी बोलायचं हे तपासणाराच ठरवील, न कळवता जाईल, आणि बोलणं खासगीत होईल. इंग्लंडात प्रत्येक तुरुंगाला सामान्य नागरिकांचं एक स्वतंत्र मंडळ असतं. ते बिनपगारी काम करतात, आत कुठेही जाऊ शकतात, अधिकाऱ्यांच्या नजरेआड आणि कानाआड कैद्याशी बोलू शकतात आणि दरवर्षी अहवाल छापतात. तिथले तुरुंग म्हणून छान आहेत असं मुळीच नाही. त्यांचे अहवाल वाचले तर अंगावर येतात. पण अंगावर यायला अहवाल तरी असतो. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्याला मान्यता मात्र अजून दिलेली नाही. त्यामुळे त्या कराराला २००२ मध्ये जोडलेली, बाहेरच्यांनी कोठड्या तपासण्याची व्यवस्था आपल्याला लागूच होत नाही.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. जुलै २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत सीसीटीव्ही बसवायला सांगितले, अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करायला सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १३८२ तुरुंगांच्या दुरवस्थेवरच्या प्रकरणात न्या. लोकूर यांच्या खंडपीठाने पुन्हा सविस्तर आदेश दिले. त्या प्रकरणाची सुरुवातही पत्रानेच झाली होती, निवृत्त सरन्यायाधीश लाहोटी यांच्या. बत्रा, बर्से, लाहोटी. आपल्या तुरुंगांचा इतिहास कोणी लिहिला तर तो पोस्टखात्याचाही इतिहास होईल.

आणि तरी जून २०१७ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या महिला तुरुंगात काय झालं? अंडी आणि पावाच्या हिशेबावरून एका कैदी बाईला मारहाण झाल्याचा आरोप झाला, ती मेली. तुरुंगातल्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. ही बातमी बाहेर फुटली, कारण आतल्या बायका छपरावर चढून ओरडल्या. दोनशेहून अधिक बायकांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. पुरुषांचे तुरुंग जास्त मोठे, जास्त गर्दीचे. आर्थर रोडची क्षमता तेव्हा ८०४ होती. २०२० च्या मे महिन्यात तिथे करोना पसरला तेव्हा माणसं अडीच हजारांच्या पुढे होती. देशभरात २०२२ च्या अखेरीस ४ लाख ३६ हजार जागांमध्ये ५ लाख ७३ हजार कैदी होते, आणि त्यांतले चारांतले तीन कच्चे.

हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालातले. मी गेल्या वर्षी काही सुट्टीचे दिवस घालवून त्याची कोष्टकं डाउनलोड करून मांडली. त्यात तुरुंगांच्या तपासण्यांचंही कोष्टक असतं: न्यायिक, वैद्यकीय, प्रशासकीय, इतर. आकडे भरघोस आहेत. पण ते तुरुंगखात्यांकडूनच येतात, आणि भेट झाली एवढंच सांगतात. भेटीत काय दिसलं, काय लिहिलं, त्यावर काय केलं, याला रकाना नाही. कॅमेऱ्यांचंही तसंच. कॅमेरा बसला, पण फुटेज कोणाकडे राहतं, कोण बघतं, किती दिवसांनी पुसलं जातं? तक्रारपेटीची किल्ली बाहेर ठेवायला सांगणारी अक्कल १९७९ मध्ये होती. कॅमेऱ्यांसाठी तीच वापरायला कोणाची ना नसावी.

मित्र आता जामिनावर आहे, आळेफाट्याला कांद्याच्या गाळ्यावर काम करतो. केस उभी राहिलेली नाही. काकींना मी चौथ्या वहीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यात लिहिलेलं वाचतं कोण?"

मी त्या तुरुंगाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. तीन प्रश्न आहेत. अभ्यागत मंडळावर सध्या कोण कोण आहेत, गेल्या तीन वर्षांत त्यांच्या किती भेटी झाल्या, आणि त्या वहीतल्या नोंदींच्या प्रती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, पोस्टाने रजिस्टर केला. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. आज अठरावा दिवस आहे.